पाच शिलिंग दंड, सोनेरी अंडी आणि संत झालेला बुद्ध

१६५९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत नाताळ साजरा करणं हा गुन्हा होता. काम बंद ठेवलं, मेजवानी झोडली किंवा आणखी कशाही रीतीने सण केला, की पाच शिलिंग दंड. दंड लावणारे नास्तिक नव्हते आणि परधर्मीयही नव्हते. ते प्युरिटन होते, म्हणजे ख्रिस्ती लोकांतले कडक सोवळेवाले. बायबलात येशूच्या जन्माची तारीख नाही, सण करा असा आदेश नाही आणि डिसेंबरातला हा सगळा धिंगाणा रोमन लोकांच्या सॅटर्नेलिया या सणाचं उष्टं आहे, असं त्यांचं म्हणणं. इंग्लंडच्या पार्लमेंटने तर १६४७ सालीच नाताळ रद्द करून टाकला होता. मॅसॅच्युसेट्सचा कायदा १६८१ मध्ये मागे घेतला गेला, तरी बॉस्टनचे धर्मोपदेशक इन्क्रीज मॅदर १६८७ मध्येही तोच सॅटर्नेलियाचा मुद्दा लिहून काढत होते. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी लागली ती थेट १९५८ साली.

आता डिसेंबर उजाडला की हाच युक्तिवाद मोबाइलवर फिरू लागतो. पाठवणारे तेवढे बदललेत. प्युरिटनांना ख्रिस्ती धर्म धुऊन स्वच्छ करायचा होता. आजच्या पाठवणाऱ्यांना तो मोडीत काढायचा असतो. 'नाताळ सूर्यदेवाचा, ईस्टर इश्तारचा, झाड ड्रुइडांचं, मग यांचं स्वतःचं काय?'

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रथा कुठून आली यावरून ती पाळणाऱ्याची श्रद्धा खोटी ठरत नाही. पण एखादी घटना घडली असा दावा असेल, तर ती गोष्ट कुठून आली हे विचारायलाच हवं. या दोन्हींची गल्लत झाली की वाद रंगतो आणि हाती काही लागत नाही. शिवाय मोबाइलवरचे निम्मे उगम तपासायला गेलं की हातातच मोडतात.

वाढदिवस नक्की कोणाचा?

रोममध्ये इसवी सन ३५४ साठी एक देखणी पंचांगवजा वही तयार झाली. व्हॅलेंटायनस नावाच्या एका धनिक ख्रिस्ती गृहस्थासाठी ती बनवली होती. तिच्यातल्या सरकारी सणांच्या पानावर २५ डिसेंबरला 'अजिंक्याचा जन्म' आणि त्यानिमित्त तीस रथशर्यती अशी नोंद आहे. अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, सोल इन्व्हिक्टस. त्याच वहीत पुढे हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची यादी येते आणि तिच्या सुरुवातीलाच २५ डिसेंबरला ख्रिस्ताचा बेथलेहेमातला जन्म नोंदलेला आहे. एकाच वहीत दोघांचा वाढदिवस! वही सजवणारा सुलेखनकार ख्रिस्ती, त्याचं नाव फ्युरियस डायोनिसियस फिलोकालस. त्यातलं मधलं नाव ग्रीकांच्या मद्यदेवावरून आलेलं.

मग आधी मान कोणाचा? पंचाईत अशी की दोन्ही वाढदिवस २५ डिसेंबरला सांगणारा सगळ्यात जुना कागद हाच. सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोममध्ये सूर्याचं भव्य मंदिर उभारलं हे खरं, पण सूर्यजन्माचा सण त्याने याच तारखेला सुरू केला असं त्याच्या काळातला कुणी लिहून ठेवत नाही. सॅटर्नेलिया १७ डिसेंबरला सुरू होऊन फार तर २३ पर्यंत चाले. भेटवस्तू, मेणबत्त्या, मालकाने गुलामाला जेवायला वाढणं ही त्या दिवसांतली मौज. नाताळची रंगत तिथून आली असणं सहज शक्य आहे. तारीख मात्र तिथली नव्हे.

तारखेचा दुसरा रस्ता निव्वळ हिशेबाचा आहे. इसवी सन २०० च्या आसपास कार्थेजच्या टर्टुलियनने येशूचा मृत्यू २५ मार्चला झाला असं मांडलं. थोर पुरुष ज्या तिथीला गर्भात येतो त्याच तिथीला जग सोडतो, अशी एक कल्पना पुढे ख्रिस्ती लेखकांत दिसते. २५ मार्चमध्ये नऊ महिने मिळवा, २५ डिसेंबर हजर. पूर्वेकडच्या काही ख्रिस्ती मंडळींनी मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरली. नऊ महिन्यांनी ६ जानेवारी येते. आर्मेनियन चर्च आजही ख्रिस्तजन्म ६ जानेवारीलाच साजरा करतं. हिशेबवाल्यांची बाजू यामुळे बरीच भक्कम होते. पण सूर्याला पुरतं हाकलता येत नाही, कारण जुन्या रोमन पंचांगात २५ मार्च हा वसंतसंपात आणि २५ डिसेंबर हा वर्षातला सगळ्यात लहान दिवस मानला जाई. समोरच्या दारातून बाहेर घालवला तर तो मागच्या दाराने आत येतो.

त्याहून गमतीची गोष्ट ही की सुरुवातीच्या काही ख्रिस्ती विद्वानांना वाढदिवस ही कल्पनाच पसंत नव्हती. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने तर दाखवून दिलं की बायबलात वाढदिवस साजरे करतात ते फारो आणि हेरोद, म्हणजे खलनायकच.

आणि पाचव्या शतकात पोप थोरल्या लिओंनी नाताळच्या प्रवचनात एक तक्रार केली. लोक सेंट पीटरच्या चर्चच्या पायऱ्या चढून वर येतात, आत शिरण्यापूर्वी पाठ फिरवतात आणि उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करतात! जुनी सवय ती. पोपने रागावून ती थोडीच सुटते?

ससा, अंडी आणि एका स्कॉटिश पाद्र्याचा उद्योग

ईस्टरचं प्रकरण त्यामानाने लवकर निकालात निघतं. ईस्टर म्हणजे बॅबिलोनची देवी इश्तार, हा शोध मोबाइलवर फार लोकप्रिय आहे. पण ईस्टर किंवा ओस्टर्न हे नाव मुख्यतः इंग्रजी आणि जर्मनमध्ये. ग्रीक, इटालियन, फ्रेंच, रशियन आणि गोव्याची कोंकणी या सगळ्यांत सणाचं नाव ज्यूंच्या वल्हांडणावरून, पास्कावरून आलेलं. सण सुरू होऊन काही शतकं लोटल्यावर इंग्लंडमध्ये त्याला स्थानिक नाव चिकटलं, एवढीच ती हकिगत. बीड नावाच्या विद्वान मठवासीयाने ७२५ साली लिहिलं की त्या महिन्याला पूर्वी एओस्त्रे देवीच्या नावाने ओळखत. तिच्याबद्दलचा जुना लेखी पुरावा एवढाच. तिच्या हातात ससा होता, ती अंडी द्यायची वगैरे तपशील बीडमध्ये नाही. ईस्टरची अंडी आणणाऱ्या सशाचा पहिला मोठा उल्लेख येतो तो १६८२ साली, जर्मन वैद्य गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊच्या लेखनात. म्हणजे हा ससा शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी इतिहासात उडी मारतो.

अंड्यांचं कारण तर स्वयंपाकघरातच सापडतं. मध्ययुगात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य होती. कोंबड्यांना कोण सांगणार? त्या अंडी देत राहायच्या, अंडी साठत जायची आणि सणाच्या दिवशी त्यांचा फडशा पडायचा. १२९० साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या हिशेबवहीत ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्च टाकलाय. ती अंडी सोन्याच्या वर्खाने सजवून दरबारी मंडळींना वाटण्यासाठी होती.

मग इश्तार आली कुठून? तिला लोकप्रिय करणारा माणूस स्कॉटलंडचा. अलेक्झांडर हिस्लॉप हा प्रॉटेस्टंट पाद्री. १८५३ मध्ये छोटी पुस्तिका आणि १८५८ मध्ये तीच फुगवून त्याने 'द टू बॅबिलॉन्स' हे पुस्तक काढलं. रोमन कॅथलिक धर्म हा बॅबिलोनच्या मूर्तिपूजेचाच वेषांतर केलेला अवतार आहे, हे त्याला दाखवायचं होतं. पद्धत सोपी: दोन नावांचा उच्चार जवळचा वाटला की नातं पक्कं. कॅथलिकांवर झाडलेली ती बंदूक पुढे नास्तिकांनी उचलली आणि सरसकट ख्रिस्ती धर्मावर रोखली. राल्फ वुड्रो या अमेरिकी धर्मप्रचारकाने १९६६ मध्ये हिस्लॉपच्याच वाटेने जाणारं पुस्तक लिहिलं आणि ते चांगलं खपलंही. पुढे मूळ संदर्भ तपासल्यावर पायाच कच्चा असल्याचं त्याच्या लक्षात आलं. त्याने ते खपणारं पुस्तक बंद केलं आणि १९९७ मध्ये स्वतःच्याच मतांचं खंडन करणारं दुसरं पुस्तक छापलं. असा लेखक विरळाच!

झाडाबद्दल थोडक्यात. सजवलेल्या नाताळ-वृक्षाचा पुरावा सोळाव्या शतकाच्या मागे नीटसा जात नाही आणि तोही जर्मन भाषक मुलुखातला. १६०५ सालच्या स्ट्रासबर्गमधल्या एका नोंदीत घरातल्या झाडावर कागदी गुलाब, सफरचंदं आणि पातळ पापड्या टांगल्याचं वर्णन आहे. २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वेचा दिवस होता आणि त्यांच्या नाटकात सफरचंदांनी लगडलेलं झाड लागे. सफरचंदांचा सरळ मागोवा तिथे लागतो. मिसलटोची डहाळी ड्रुइडांना, म्हणजे प्राचीन केल्ट लोकांच्या पुरोहितांना, पवित्र होती हे रोमन लेखक प्लिनीने लिहिलंय, पण तिच्याखाली चुंबन घ्यायची चाल अठराव्या शतकातल्या इंग्लंडची. दोन्हींमध्ये सतराशे वर्षांची पोकळी आहे.

खांब तेच, देव बदलला

आता जिथे उसनवारी खरीच झाली तिकडे वळू. सिसिलीतल्या सिराक्यूजच्या कॅथीड्रलच्या भिंतींतून जाडजूड डोरिक खांब बाहेर डोकावतात. ते इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या अथेनाच्या मंदिराचे. खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंतीने बुजवल्या आणि चर्च तयार झालं. रोमच्या सान क्लेमेन्ते चर्चमध्ये जिना उतरून खाली गेलं की बाराव्या शतकातून चौथ्या शतकाच्या चर्चमध्ये पोचता आणि आणखी खाली उतरलात की थेट मिथ्रा या रोमनांनी पूजलेल्या देवाच्या देवळात. पँथिऑन हे रोमन देवांचं मंदिर ६०९ साली पोप चौथ्या बोनिफेसने मरिया आणि हुतात्म्यांना अर्पण केलं. ते चर्च झालं म्हणूनच आजपर्यंत धड उभं राहिलं. बाकीच्या कित्येक मंदिरांचे दगड रोमकरांनी घरं बांधायला आणि चुना भाजायला नेले.

आणि हे चोरून चाललेलं नव्हतं. धोरण लेखी आहे. ६०१ साली पोप थोरल्या ग्रेगरींनी इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटस या मठाधिपतीला पत्र पाठवलं. त्याचा सारांश असा: देवळं पाडू नका. आतल्या मूर्ती नष्ट करा, पवित्र पाणी शिंपडा, वेदी उभारा, संतांचे अवशेष ठेवा. लोकांना ओळखीच्या जागी यायची सवय आहे, ती राहू द्या. देवापुढे बैल कापायची त्यांची रीत आहे ना? मग चर्चभोवती झाडांच्या फांद्यांचे मांडव घालू द्या, सणाला जनावरं कापून जेवू द्या, फक्त आभार खऱ्या देवाचे मानायला सांगा. उंच जागी चढणारा पायरी पायरीने चढतो, उड्या मारत नाही, असंही त्यांनी सुनावलं. मजा म्हणजे याच ग्रेगरींनी थोडे दिवस आधी केंटच्या राजाला अगदी उलट, देवळं पाडून टाक असं कळवलं होतं. मग विचार करून त्यांनी धोरण फिरवलं आणि मागून पत्र धाडलं.

जर्मनीत बोनिफेस या मिशनऱ्याने ७२३ च्या सुमारास गाइस्मार इथला डोनार देवाचा, म्हणजे थॉरचा पवित्र ओक तोडला. वीज काही पडली नाही. त्याच लाकडाचं त्याने प्रार्थनाघर बांधलं. लाकूड वाया घालवणाऱ्यांतला तो नव्हता!

टीका तर याच्याही आधीची. विजिलान्शियस नावाच्या एका पाद्र्याने विचारलं, दिवसाढवळ्या हुतात्म्यांच्या थडग्यांवर मेणबत्त्या कशाला? ही तर मूर्तिपूजकांची चाल. ४०६ साली संत जेरोमने त्याला झणझणीत उत्तर दिलं. ते मूर्तींसाठी होतं म्हणून त्याज्य, हे हुतात्म्यांसाठी आहे म्हणून ग्राह्य, एवढा साधा हिशेब त्याने मांडला. जेरोमची जीभ तिखट होती. पूर्ण उत्तर वाचताना विजिलान्शियसची कीव येते. ऑगस्टीनने याहून देखणा दाखला काढला: इजिप्तमधून निघताना इस्राएली लोकांनी इजिप्तचं सोनं बरोबर घेतलं आणि पुढे ते देवाच्या कामी आलं, परक्यांची विद्याही तशीच घ्यावी.

धूपाची कहाणी तर विलक्षण आहे. २५० साली डेशियस सम्राटाच्या हुकमाने प्रत्येकाला देवांपुढे बळी अर्पण करून तसं प्रमाणपत्र घ्यावं लागे. छळाच्या त्या काळात अनेकांनी देवांपुढे चिमूटभर धूप टाकण्यापेक्षा मरण पत्करलं. पुढच्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमला गेलेली एजेरिया ही यात्रेकरू बाई लिहिते की येशूच्या कबरीच्या गुहेत धुपाटणी नेतात आणि सगळं चर्च सुगंधाने भरून जातं. सव्वाशे-दीडशे वर्षांत धूप शत्रूच्या गोटातून घरात आला. त्याला ज्यूंच्या मंदिराचा वारसा होताच, त्यामुळे वाट सोपी झाली.

या सगळ्याची कबुली हवी असेल तर जॉन हेन्री न्यूमन वाचावेत. १८४५ मध्ये कॅथलिक होता होता त्यांनी एका ग्रंथात यादीच दिली: मंदिरं, धूप, दिवे, नवसाच्या वस्तू, पवित्र पाणी, मिरवणुका, पूर्वेकडे तोंड करणं, लग्नातली अंगठी. हे सगळं मूळचं मूर्तिपूजकांचं, चर्चने स्वीकारलं म्हणून पवित्र झालं, असं त्यांनी उघड लिहिलं. विरोधक जे आरोपपत्र म्हणून वाचतात ते न्यूमन अभिमानाने मिरवतात. पुढे ते कार्डिनल झाले आणि २०१९ मध्ये संतही.

राजपुत्राची फसलेली ओळख

माझ्या मते या साऱ्या खजिन्यातला कोहिनूर म्हणजे संत जोसाफात.

मध्ययुगीन युरोपात घरोघरी ठाऊक असलेली त्याची कथा अशी. हिंदुस्थानात अवेनीर नावाचा राजा. मुलगा झाला तेव्हा ज्योतिषी म्हणाले, हा राज्य सोडून धर्माच्या वाटेला लागेल. राजाने त्याला महालात कोंडून ठेवलं, दुःख दिसू दिलं नाही. एक दिवस राजपुत्र बाहेर पडला. त्याला रोगी दिसला, म्हातारा दिसला, मरणाबद्दल कळलं. मन उडालं. मग बार्लाम नावाचा साधू भेटला, राजपुत्र ख्रिस्ती झाला आणि राज्य सोडून वनात गेला.

मराठी वाचकाला पुढचं सांगायला नको. हा आपला सिद्धार्थ गौतम! बोधिसत्त्व ही उपाधी इराणी-अरबी वाटेने जाताना बूदासफ झाली. अरबीत ब आणि य यांच्यात फरक एका टिंबाचा. टिंब वाढलं आणि यूदासफ झाला. जॉर्जियन भाषेत इओदासाफ, ग्रीकमध्ये इओआसाफ, लॅटिनमध्ये जोसाफात. रोमन संतसूचीत त्याला २७ नोव्हेंबर हा दिवस मिळाला. १५७१ मध्ये व्हेनिसच्या ड्यूकने पोर्तुगालच्या सेबास्टियन राजाला त्याचं हाड भेट म्हणून दिलं. ते कोणाचं होतं, देव जाणे. याच कथेतल्या पेट्यांच्या दृष्टांताचा धागा शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या तीन पेट्यांपर्यंत जातो. मार्को पोलोने श्रीलंकेच्या प्रकरणात बुद्धाचं चरित्र सांगून म्हटलं, की हा ख्रिस्ती असता तर मोठा संत गणला गेला असता. बिचाऱ्याला कल्पना नव्हती की तो आधीच गणला गेलेला आहे.

आणि या कथेचा एक धागा थेट बोरिवलीला येतो. गोव्यात राहून लिहिणारा पोर्तुगीज इतिहासकार दिओगु दु कोउतु याला बुद्धकथा आणि जोसाफातकथा यांतलं साम्य लक्षात आलं. साष्टी बेटावरच्या कान्हेरी लेण्यांबद्दल लिहिताना, जोसाफातच्या बापाने मुलाला जगापासून दूर ठेवण्यासाठी हे कोरून घेतलं, अशी ऐकीव माहितीही त्याने नोंदवली. फक्त त्याने दिशा उलटी लावली: हे लोक ज्याला बुद्ध म्हणतात तो मूळचा आपला जोसाफात, असा त्याचा तर्क. युरोपातल्या विद्वानांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गाडी रुळावर आणली.

इथे मात्र उगमाचा प्रश्न खरा चावतो. जोसाफात नावाचा ख्रिस्ती राजपुत्र होऊन गेला, हा इतिहासाचा दावा होता. कथा दुसऱ्याची निघाली आणि तो राजपुत्रच नाहीसा झाला. मेणबत्तीचं असं होत नाही. मेणबत्ती खरी किंवा खोटी नसते.

आपल्याकडचा सोवळेपणा

उगमावरून प्रथा बंद पाडण्याचा सगळ्यात निष्ठुर प्रयोग गोव्यात झाला. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं. १७३६ च्या फर्मानात नवख्रिस्ती कुटुंबांना काय काय मना केलं होतं, ते अ. का. प्रियोळकरांच्या 'द गोवा इन्क्विझिशन' या १९६१ च्या ग्रंथात वाचायला मिळतं. दारात तुळस नको. नवरा-नवरीला हळद आणि नारळाचं दूध लावायचं नाही. पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालायची नाही. हिंदू करतात तसा बिनमिठाचा भात शिजवायचा नाही! भाताच्या तपेल्यात धर्म शोधणारं सरकार जगात आणखी कुठे झालं असेल, शंका आहे. निकाल? लग्नाच्या आदल्या दिवशी नारळाच्या दुधाचा रोस आजही गोव्याच्या ख्रिस्ती घरांत होतो आणि नवरी चुडा भरते. इन्क्विझिशन १८१२ मध्येच संपलं.

उलटा प्रयोगही त्याच मातीतला. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीत रचलेलं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्याच्या साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. पुराणाचा घाट आपला, कथा बायबलची. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून. टिळकांच्या श्रद्धेला त्या पुलाची लाज कधी वाटली नाही.

वांद्र्याच्या मोत मावलीच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात. ज्याचं जे दुखतं ते वाहायचं. ग्रीसमध्ये कोरिंथच्या उत्खननात धन्वंतरीसारख्या अस्क्लेपियस देवाला वाहिलेले मातीचे हात, पाय, कान सापडलेत. म्हणून वांद्रे कोरिंथहून आलं का? आपल्या देवळांत चांदीचे डोळे वाहतात, तेही तिथूनच आले म्हणायचं? गुडघा दुखला की माणूस देवाला गुडघा दाखवतो, त्याला उसनवारी लागत नाही. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला गोव्यातले हिंदू लईराई देवीची बहीण मानतात आणि तिच्या फेस्ताला तेल घेऊन जातात. उगमाची शुद्धता तपासणाऱ्याने त्या दिवशी म्हापशाला जरूर जावं, रांगेत उभं राहावं आणि कोण कुणाचं ते वेगळं करून दाखवावं.

आता मुख्य मुद्द्याला हात

मेणबत्ती, अंडं, झाड हे कडेचं झालं. कुमारीच्या पोटी जन्म, प्रभुभोजन, पुनरुत्थान हेही उसनं असेल तर? २००७ च्या 'झाइटगाइस्ट' या इंटरनेटवर गाजलेल्या चित्रपटाने इजिप्तचा देव होरस, मिथ्रा आणि मंडळींना येशूच्या साच्यात बसवलं. शिल्पं पाहिली तर मिथ्रा कुमारीच्या नव्हे, खडकाच्या पोटी जन्मतो, तोही हातात सुरा आणि मशाल घेऊन, चांगला वाढलेला. होरसची आई इसिस ही ओसायरिसची पत्नी होती. ओसायरिस मेल्यावर पुन्हा उभा राहतो खरा, पण मृतांच्या जगाचा राजा म्हणून. इकडे परत येत नाही. जेम्स फ्रेझरने १८९० च्या 'गोल्डन बाऊ'मध्ये मरून उठणाऱ्या देवांचं मोठं संमेलन भरवलं होतं. पुढच्या अभ्यासकांनी एकेकाची तपासणी केली आणि संमेलन बरंच रिकामं झालं. मृतांच्या पुनरुत्थानाची कल्पना ज्यूंच्या दानिएलाच्या पुस्तकात आधीच होती. येशू ज्यू, शिष्य ज्यू. त्यांचं माहेर जेरुसलेमला असताना शोध मात्र इजिप्तमध्ये घेतला जातो.

साम्यं अजिबात नाहीत असंही नव्हे. इसवी सन १५५ च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने स्वतःच लिहिलं की मिथ्राचे भक्तही भाकर आणि पाण्याचा प्याला घेऊन विधी करतात. त्याचं स्पष्टीकरण: सैतानाने नक्कल केली! हे स्पष्टीकरण मला पटत नाही. पण आक्षेप अठराशे वर्षांहून जुना आहे आणि तो ख्रिस्ती माणसानेच नोंदवलाय, एवढं मात्र दिसतं. सी. एस. लुइस यांची वाट आणखी निराळी. पुराणकथांचं वेड असलेला हा ऑक्सफर्डचा प्राध्यापक १९३१ साली टोल्किनबरोबरच्या रात्रीच्या गप्पांनंतर ख्रिस्ताकडे वळला. ज्या साम्यांमुळे इतरांची श्रद्धा उडते, तीच त्याला खूण वाटली: जगभरच्या पुराणांनी ज्याचं स्वप्न पाहिलं ते इथे प्रत्यक्ष घडलं, असं त्याने मानलं.

बायबलाला तरी परक्यांचा विटाळ कुठे होता? 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पौल अथेन्सला भाषण करतो तेव्हा अनोळखी देवाच्या वेदीपासून सुरुवात करतो आणि ग्रीक कवीचा दाखला देतो. आराटस या कवीने तो उद्गार झ्यूसबद्दल काढलेला. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौल हर्मेस आणि फीबी यांची नावं सहज घेतो. दोघं ख्रिस्ती, नावं मात्र देवादिकांची, आणि नाव बदला असं पौल सुचवतही नाही. मूर्तीला दाखवलेलं मांस खावं का, या करिंथकरांच्या प्रश्नावर तो म्हणतो, मांसाला काही झालेलं नाही. पण ज्याला ते खाताना अजून ती मूर्तीच आठवते त्याच्यासमोर खाऊ नका. माझ्या मते या सगळ्या वादातलं सगळ्यात शहाणं मत हेच. उगम तेव्हाच आड येतो जेव्हा जुना अर्थ अजून जिवंत असतो.

यहोवाचे साक्षीदार नाताळ, ईस्टर, वाढदिवस काहीच करत नाहीत, मूळ मूर्तिपूजकांचं म्हणून. लग्नाची अंगठी मात्र त्यांना चालते. न्यूमनच्या यादीत तीही होती! पूर्ण शुद्ध राहायचं ठरवलं तर शनिवार-रविवारही म्हणता येणार नाही.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक भली मोठी घंटा आहे. १७०७ साली ओतलेली, पोर्तुगीज चर्चची. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली त्या लुटीत ती आली. तिथे महादेवाला नमस्कार करणाऱ्या कुणाचीही शिवभक्ती त्या घंटेने बाटलेली नाही. हा न्याय आपण आपल्याला सहज लावतो. तोच दुसऱ्याच्या झाडाला आणि अंड्याला लावायला हरकत नसावी.

ख्रिस्ती श्रद्धा खरी की खोटी हा प्रश्न यातून सुटत नाही, सुटायचाही नाही. त्याची कसोटी पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात स्वतःच घालून दिली आहे: ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. ज्याला वाद घालायचा आहे त्याने तिथे घालावा. त्या अध्यायात २५ डिसेंबरचा उल्लेख नाही.